हे सारे नाटक तर नव्हे?

लहान मुलांचे काही प्रश्न असे असतात की, उत्तर देण्याऐवजी मोठ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरावे. "आपण झोपलो म्हणजे ही खोली इथेच असते का?" हा त्यांतलाच एक. एखादे पोर याच्याही पुढे जाते. पाऊल न वाजवता येते आणि दाराआडून एकदम आत डोकावते. आपण नसताना घरातली माणसे काही निराळेच करीत असतील आणि आपली चाहूल लागताच आपापल्या जागी येऊन बसत असतील, असा त्याला दाट संशय असतो! आत पाहावे तर आई पोळ्या लाटीत असते, आजोबांचा चष्मा नाकावरच असतो. पोराचा हिरमोड होतो आणि संशय तेवढ्यापुरता मिटतो.

तेवढ्यापुरताच. कारण मोठेपणीही तो अधूनमधून डोके वर काढतो, आणि आपण सगळेच त्याला थोडेबहुत खतपाणी घालीत असतो. पाहुणे येणार असे कळले की, तासाभरात दिवाणखान्याचे रूप पालटते. घडी न घातलेले कपडे पलंगाखाली जातात, ठेवणीतले कप बाहेर येतात, आणि एरवी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी भावंडे 'या काका' म्हणून हसतमुखाने पुढे होतात. मंत्री येणार म्हटले की, रस्त्यातले खड्डे रातोरात बुजतात. देखावा उभा करणे ही काही आपल्याला अपरिचित कला नव्हे. मग एखाद्या रिकाम्या दुपारी असा विचार मनात आला की, पाहुण्यांपुरता दिवाणखाना सजतो तसे माझ्यापुरते हे सारे जगच कोणी सजवले नसेल कशावरून, तर त्यात वेड्यासारखे काय आहे?

वेड्यासारखे काही नाही, असे म्हणणारे मोठमोठे विचारवंत होऊन गेले. पण त्या विचाराची एक वाट वेडाकडेही जाते. आणि तिसरी एक वाट अशा ठिकाणी जाते की, तिथे हा संशय कोणाला तरी वेळेवर यायला हवा होता. तिन्ही वाटा एकाच फाट्यावरून निघतात, म्हणून त्यांची गल्लत होते.

पहिल्या वाटेवरचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे रने देकार्त. हा फ्रेंच गृहस्थ गणितात मोठा. आलेखाच्या कागदावर एक आडवी आणि एक उभी रेघ मारून बिंदूची जागा सांगण्याची जी युक्ती आपण शाळेत शिकतो, तिच्याशी याचेच नाव जोडलेले आहे. १६४१ साली त्याचे एक लहानसे लॅटिन पुस्तक पॅरिसमध्ये छापले गेले. त्यात त्याने अगदी ठरवून, पायरीपायरीने संशय घेतला आहे. डोळे फसवतात, लांबचा चौकोनी बुरूज गोल दिसतो, हे तर खरेच. पण मी इथे शेकोटीपाशी अंगात झगा घालून बसलो आहे, यात कसली आली फसवणूक? छे, स्वप्नातही माणूस असाच शेकोटीपाशी बसलेला असतो आणि प्रत्यक्षात अंथरुणात पडलेला असतो. बरे, स्वप्नातसुद्धा दोन आणि तीन मिळून पाचच होतात ना? इथे देकार्त आपला शेवटचा पत्ता टाकतो. समजा, एक अतिशय समर्थ आणि तितकीच कपटी शक्ती आहे, आणि तिने आपले सारे सामर्थ्य मला फसवण्यात खर्च करायचे ठरवले आहे. आकाश, जमीन, रंग, आवाज, माझे हे हातपायसुद्धा, सारा तिने मांडलेला देखावा. मग माझ्यापाशी काय उरले?

उरले ते एवढेच की, फसवले जायला तरी कोणी तरी हवे, आणि तो कोणी तरी म्हणजे मी. या एका खुंटीवर देकार्तने सारे जग पुन्हा टांगले. मात्र त्यासाठी त्याला देवाची साक्ष काढावी लागली. देव लबाड नाही, तेव्हा जे मला अगदी स्वच्छ आणि स्पष्ट कळते ते खोटे असणार नाही, असा त्याचा हवाला. पुढच्या पिढ्यांनी मोठी गंमत केली. त्याचा संशय तेवढा ठेवून घेतला आणि उत्तर परत केले! हा संशय सवड काढून, निवांत बसून घ्यायचा आहे, रोजच्या व्यवहारात तो आणायचा नाही, हे त्याचे बजावणेही मग लोक विसरले.

आपल्याकडे हा प्रश्न काही देकार्तची वाट पाहात थांबला नव्हता. त्याच्या हजार-बाराशे वर्षे आधी वसुबंधू या बौद्ध पंडिताने वीस-बावीस श्लोकांच्या एका ग्रंथात हाच वाद घातला होता. स्वप्नात बाहेर काही नसताना गावे, बागा, माणसे दिसतात. मग जागेपणी जे दिसते त्यासाठी तरी बाहेर काही असायला हवे असे कोठे आहे? सारे ज्ञानच ज्ञान, बाहेर वस्तू नाही.

आता शंकराचार्यांचे नाव निघाले की, आपण 'जग म्हणजे स्वप्न' असे म्हणून मोकळे होतो. घरोघरी दोरी आणि सापाचा दाखला ठाऊक असतो. पण ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या दुसऱ्या अध्यायातला दुसरा पाद ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की, तिथे आचार्य याच विज्ञानवाद्यांशी दोन हात करतात, आणि तेही रस्त्यातल्या साध्या माणसाची बाजू घेऊन. जेवता जेवता, पोट भरल्याचा अनुभव घेत असताना, 'मी जेवतही नाही आणि माझे पोटही भरले नाही' असे म्हणणाऱ्या माणसासारखे तुमचे बोलणे आहे, असे ते सुनावतात. विज्ञानवादी म्हणतात की, वस्तू बाहेर असल्यासारखी भासते. आचार्य त्यातल्या 'सारखी' या एका शब्दावर बोट ठेवतात. बाहेर म्हणून काही नसेलच तर बाहेरच्यासारखे हे तुम्हाला सुचले कोठून? विष्णुमित्र हा वांझेच्या मुलासारखा दिसतो, असे कोणी म्हणते का? आणि स्वप्नाचे म्हणाल तर स्वप्न जागे झाल्यावर खोटे ठरते. जागेपणी पाहिलेला खांब कोणत्या अवस्थेत खोटा ठरतो ते दाखवा.

ब्रह्माच्या पायरीवर गेल्यावर आचार्य निराळे बोलतात, हे खरेच; त्यांच्या दर्शनात सत्याच्या पायऱ्या आहेत. पण व्यवहाराच्या पायरीवर उभे राहून 'हे सगळे नाटक आहे' असे म्हणायला ते कोणालाही परवानगी देत नाहीत. दोरीवर साप दिसायला आधी दोरी हवी, आणि कोठे तरी खरा साप पाहिलेलाही हवा. ज्ञानेश्वरांनी तर 'अमृतानुभवा'त अज्ञान या कल्पनेचेच एक भलेमोठे प्रकरण भरून खंडन केले आणि जग म्हणजे चैतन्याचा विलास असे सांगितले. पडदा आहे, पडद्यामागे काही तरी लपवले आहे, ही भाषाच त्यांना नको आहे. अद्वैताच्या घरातच इतकी मते आहेत, आणि आपण मात्र 'आपल्याकडे सगळे मायाच मानतात' असे पाहुण्यांना सांगून टाकतो!

विष्णुमित्राच्या दाखल्याचा जवळचा नातेवाईक पुढे ऑक्सफर्डमध्ये निघाला. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९५४ साली छापलेल्या व्याख्यानांत खोट्या नाण्यांचा दाखला दिला. ज्या देशात खरी नाणीच पाडली जात नाहीत तिथे खोटी नाणी पाडणाऱ्याला कामच उरत नाही. नक्कल करायची तरी कशाची? म्हणजे एखादे नाणे खोटे असू शकेल, एका वेळी कोणतेही नाणे खोटे असू शकेल, पण सगळीच नाणी खोटी हे बोलणे बोलण्यापुरतेच. या युक्तिवादालाही फट काढणारे निघाले. आज खोटी निघालेली नाणी काल कोणी तरी खरी पाडली असतील, असे ते म्हणतात. तत्त्वज्ञांची घरे अशीच चालतात. केंब्रिजच्या जी. ई. मूर यांनी १९३९ साली लंडनच्या ब्रिटिश अकादमीपुढे आपले दोन्ही हात एकामागून एक वर करून 'हा एक हात, हा दुसरा. झाले बाहेरचे जग सिद्ध' अशा थाटाचे व्याख्यान दिले, त्यावर अजून शाई आटते आहे.

आजचा अवतार संगणकाचा आहे. निक बॉस्ट्रम यांनी २००३ साली असा हिशेब मांडला की, तीन गोष्टींपैकी एक तरी खरी असली पाहिजे. एक तर आपल्यासारखी प्राणिजात फार पुढारण्याआधीच संपते. किंवा पुढारलेली माणसे आपल्या पूर्वजांचे जग संगणकात उभे करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. नाहीतर आपण स्वतःच बहुधा अशा एखाद्या संगणकात आहोत. यांपैकी तिसरीच खरी, असे त्यांनी म्हटलेले नाही. गप्पांच्या अड्ड्यावर मात्र तेवढेच पोचले. डेव्हिड चामर्स यांनी २०२२च्या पुस्तकात यावर जे म्हटले ते मला अधिक पटते. समजा असलोच संगणकात, तरी समोरचे टेबल खोटे ठरत नाही. ते कशाचे बनले आहे याविषयीची आपली समजूत तेवढी बदलते. टेबल लाकडाचे, लाकूड अणूंचे, अणू आणखी कशाचे. चहाचा कप त्यावर ठेवता येतोच.

या सगळ्या संशयांत एक गोष्ट सारखी आहे, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तत्त्वज्ञाचा संशय सगळ्यांना सारखा लागू असतो. देकार्तच्या जागी तुम्ही बसा, मी बसेन, हिशेब तोच. तो 'मी' कोणी विशेष माणूस नव्हे.

विसाव्या शतकात गोष्ट लिहिणाऱ्यांनी यातला 'मी' तेवढा मोठा केला. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची 'टाइम आउट ऑफ जॉइंट' ही कादंबरी १९५९ साली निघाली. तिचा नायक एका लहान गावात बहिणीच्या घरी राहतो आणि वर्तमानपत्रातले कोडे रोज जिंकून पोट भरतो. एक दिवस त्याच्या डोळ्यांदेखत सरबताचे दुकान विरघळून नाहीसे होते आणि त्या जागी कागदाची एक चिठ्ठी उरते. तिच्यावर फक्त त्या दुकानाचे नाव असते. पुढे कळते की, सारे गाव त्याच्यासाठी वसवलेले आहे; तो कोडे सोडवतो म्हणजे पुढचा बाँब कोठे पडणार ते सांगत असतो, आणि साल १९५९ नसून १९९८ आहे. योगायोग असा की, १९९८ सालीच 'द ट्रूमन शो' हा चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक पीटर वेअर, नायक जिम कॅरी. ट्रूमन हा विमा कंपनीतला साधा कारकुनी माणूस. पण जन्मल्यापासून त्याचे आयुष्य दूरचित्रवाणीवर अखंड दाखवले जात आहे, गाव म्हणजे सेट आहे, बायको आणि जिवलग मित्र पगारी नट आहेत, आणि हे त्याला सोडून साऱ्या दुनियेला ठाऊक आहे. आकाशातून एक दिवा खाली पडतो, पाऊस एकट्या त्याच्यावरच पडतो, नवराबायकोचे भांडण ऐन रंगात आले असताना बायको कोकोची जाहिरात करू लागते! हसू येते आणि त्याच वेळी पोटात कालवते. चित्रीकरण फ्लोरिडातल्या सीसाइड या खऱ्या गावात झाले होते. आखून वसवलेले ते गाव मुळातच इतके नीटनेटके की, सेट म्हणून खपून जावे.

चित्रपट संपला, प्रेक्षक घरी गेले. काही थोड्यांना मात्र घरी जाता आले नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ जोएल गोल्ड यांच्याकडे असे रोगी येऊ लागले की, 'माझ्या आयुष्याचे चित्रण चालू आहे, घरचे लोक नट आहेत' असे ते सांगत. कित्येक जण त्या चित्रपटाचे नाव घेत. एक जण तर २००१ साली पडलेले ते दोन मनोरे खरोखर पडले आहेत की तोही आपल्या कार्यक्रमातला एक प्रवेश, हे स्वतः पाहण्यासाठी न्यूयॉर्कला आला होता. जोएल आणि त्यांचे बंधू इयान, जे माँट्रियालच्या मॅक्गिल विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतात, यांनी २०१२ साली यावर निबंध लिहिला. घरात एक भाऊ वैद्य आणि दुसरा तत्त्वज्ञ, अशी जोडी या विषयाला लाभली हे बरेच झाले.

चित्रपटाने वेड लावले असे मात्र कोणी समजू नये. रोग जुनाच, तो वेळोवेळी त्या त्या काळाचा पोशाख घालून येतो. लंडनमध्ये जेम्स टिली मॅथ्यूज नावाचा रोगी होता. कारस्थानी लोक तळघरात बसून 'हवेचा माग' चालवतात आणि त्यातून सुटणाऱ्या वायूंनी आपले मन विणतात, अशी त्याची खात्री होती. त्याची हकीकत १८१० साली पुस्तकरूपाने छापली गेली. तो काळ यंत्रमागांचा आणि नव्याने सापडलेल्या वायूंचा होता. १९२३ साली जोसेफ कापग्रा या फ्रेंच वैद्याने एका बाईंची हकीकत नोंदवली. नवरा, मुले सारी बदलून त्यांच्या जागी तोतये आणून बसवले आहेत, असे त्या म्हणत. १९२७ साली पॅरिसमध्ये याच्या उलट प्रकार आढळला. एका तरुणीला भेटेल तो माणूस म्हणजे वेष पालटून आलेली एखादी नटीच वाटे. डॉक्टरांनी या भ्रमाला नाव दिले ते फ्रेगोली याचे. हा इटालियन नट रंगभूमीवर क्षणात सोंग बदलण्यासाठी गाजलेला होता.

तत्त्वज्ञ आणि रोगी एकच वाक्य बोलतात, पण त्यांतले अंतर जमीन-अस्मानाचे आहे. तत्त्वज्ञ सगळ्यावर संशय घेतो आणि त्याचा आविर्भाव 'पाहू या काय उरते' असा असतो. रोग्याला संशय नसतोच. त्याची खात्री असते. त्याच्या जगात मोटारीचा भोंगा योगायोगाने वाजत नाही, शेजारी सहज खोकत नाही. सारे त्याच्यासाठी चाललेले असते. 'अरे, असे काही नाही' असे आईने काकुळतीने सांगितले, तर तेही लिहून दिलेले भाषण ठरते. एकटेपणाचा याहून कडेलोट कोणता?

याविषयी घरच्यांना दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अशा वेळी आपल्याकडे एक तर थट्टा होते, नाहीतर मांत्रिक शोधला जातो. फार जागरण, दगदग, धास्ती किंवा मोठा धक्का यांमुळे भोवतालचे जग काचेपलीकडचे, चित्रातल्यासारखे वाटू लागणे हे पुष्कळांच्या वाट्याला थोडा वेळ येते. अशा माणसाला 'मला असे वाटते आहे' एवढे भान असते, आणि बहुधा ते वाटणे आपोआप ओसरते. पण तरुण मुलगा किंवा मुलगी झोप उडून, जेवणखाण सोडून, घरचेच आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे खात्रीने सांगू लागली, तर वाद घालून उपयोग नाही. हो ला हो करूनही नाही. त्याला भीती वाटते आहे ही गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करावी आणि लवकर डॉक्टर गाठावा. औषधोपचाराने यातून पुष्कळ माणसे सावरतात, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.

आता तिसरी वाट. इथे देखावा खरोखरच उभा केलेला असतो.

देखाव्याचे नाव काढले की, पोटेमकिनची गावे आठवतात. १७८७ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दक्षिणेकडे क्रिमियाच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा तिच्या मर्जीतल्या या सरदाराने नदीकाठी पुठ्ठ्याची गावे उभारली, अशी कथा जगभर झाली. पण ती पसरवण्यात पुढे असलेला हेल्बिग हा सॅक्सनीचा वकील त्या दौऱ्यात नव्हताच! सजावट झाली असेल, घरांना रंग दिले असतील. सगळी गावेच लटकी होती असे आज इतिहासकार मानीत नाहीत. म्हणजे देखाव्याची कथाच बरीचशी देखावा निघाली.

तेरेझीनची हकीकत तशी नाही. हे चेक मुलखातले तटबंदीचे छोटे गाव. अठराव्या शतकात सम्राट जोसेफ याने ते आपल्या आईच्या, मारिया तेरेझाच्या, नावाने वसवले. १९४१च्या नोव्हेंबरपासून नाझींनी तिथे ज्यू लोकांना कोंडायला सुरुवात केली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे तिथे आणली गेली. त्यांतली सुमारे ३३,००० तिथेच उपासमारीने आणि रोगांनी मेली, आणि सुमारे ८८,००० पुढे आउश्वित्झसारख्या मृत्युछावण्यांकडे रवाना झाली.

१९४३ साली डेन्मार्कमधले सुमारे ४७० ज्यू तिथे आले. डेन्मार्कच्या सरकारने त्यांची पाठ सोडली नाही. आमची माणसे कशी आहेत ते आम्हाला पाहू द्या, असा तगादा लावला. अखेर नाझींनी परवानगी दिली आणि तयारी सुरू केली. त्यांच्या कागदपत्रांत या तयारीला 'सुशोभन' असे नाव होते. पाहुणे ज्या रस्त्याने जाणार त्या रस्त्यावरच्या घरांना रंग दिला, हिरवळ आणि गुलाब लावले, आकड्यांच्या जागी रस्त्यांना गोड नावे दिली. उपाहारगृह आले, पेढी आली आणि तिच्या नोटा आल्या, वाद्यवृंदासाठी मंडप आला, मुलांसाठी खेळाची जागा आली. गाव फार दाटीचे दिसेल म्हणून १९४४च्या मे महिन्यात तीन गाड्या भरून ७,५०३ माणसे आउश्वित्झला पाठवली गेली. सजावटीतला हा भाग पाहुण्यांना दिसायचा नव्हता.

२३ जून १९४४ रोजी पाहुणे आले. दोन डेन्मार्कचे अधिकारी आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा प्रतिनिधी मोरिस रोसेल हा स्विस तरुण. ज्यूंचा प्रमुख पॉल एप्स्टाइन याला उंच टोपी घालून 'महापौर' म्हणून उभे केले होते. फुटबॉलचा सामना रंगला होता. मुलांनी हान्स क्रासा याची 'ब्रुंडिबार' ही संगीतिका सादर केली. तळावरचा नाझी अधिकारी माशांचे डबे वाटीत असता मुलांनी 'आज पुन्हा तेच का काका?' असे कंटाळून म्हणायचे, हेही पढवलेले होते, असे वाचलेल्यांनी पुढे सांगितले. ज्यांना पोटभर भाकरी मिळत नव्हती त्या मुलांनी!

रोसेल आखलेल्या रस्त्याने चालला, छायाचित्रे घेतली आणि अनुकूल अहवाल लिहिला. इथून लोकांना पुढे कोठे पाठवले जात नाही, हे शेवटचे ठिकाण आहे, असेही त्यात नमूद केले. त्याने रस्ता सोडून एखाद्या मागच्या अंगणात पाऊल टाकले नाही, रंग न दिलेल्या घराची कडी वाजवली नाही. क्लोद लान्झमान या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७९ साली त्याची मुलाखत घेतली. ती १९९७ साली चित्रपट म्हणून प्रसिद्ध झाली. तीत रोसेल म्हणतो की, त्या लोकांपैकी कोणी मला खूण केली नाही, चिठ्ठी दिली नाही. आणि तोच अहवाल मी आजही सही करून देईन.

मला या गृहस्थाचा राग येतो तो फसला म्हणून नव्हे. भलेभले फसतात. पण सारे जग नाटक आहे की काय, या संशयाला माणसाकडून काही मोल मागता येत नाही; तो घेऊन आपण खुशाल जेवून झोपतो. अमुक रस्त्यावरचे अमुक दार उघडून पाहावे, या संशयाला मोल पडते. यजमान चिडतो, दौरा आटोपावा लागतो, पुढची परवानगी मिळत नाही. आणि हा संशय मिटवता येतो! दार उघडले की आत काय आहे ते दिसते. देकार्तच्या कपटी शक्तीने रंगवलेल्या जगाला मागची बाजूच नाही. तेरेझीनला होती, आणि ती चार पावलांवर होती.

पाहुणे गेल्यावर त्याच सजावटीत एक चित्रपटही काढण्यात आला. कैदेत असलेला प्रसिद्ध नट कुर्ट गेरॉन याला दिग्दर्शन करायला लावले. चित्रीकरण सप्टेंबरात संपले. सप्टेंबरच्या अखेरीपासून महिनाभरात १८,००० हून अधिक माणसे आउश्वित्झला गेली. एप्स्टाइनला सप्टेंबरातच गोळी घातली होती. गेरॉन ऑक्टोबरच्या अखेरच्या गाडीत होता.

चिठ्ठी मात्र खरोखरच कोणी तरी लिहीत होते. छावणीच्या तांत्रिक विभागात एक चित्रशाळा होती. नकाशे, तक्ते आणि नाझी अधिकाऱ्यांना हवी असलेली चित्रे तिथे काढली जात. तिचा प्रमुख बेद्रिख फ्रिटा, आणि त्याच्याबरोबर लिओ हास आणि आणखी काही जण. दिवसा हुकमाची चित्रे आणि रात्री चोरून खरी: भाकरी वाहायला प्रेताच्या गाड्या, माळ्यावर दाटीने पडलेले म्हातारे, निघालेल्या गाड्या. फ्रिटाच्या एका चित्रात तर ते सुशोभनच नाटकाच्या नेपथ्यासारखे काढले आहे. पुढे रंगवलेला देखावा आणि मागे जे आहे ते. पाहणी होऊन महिना उलटायच्या आत, १९४४च्या जुलैत, हे चित्रकार पकडले गेले. 'भीषण कथा पसरवणे' हा त्यांचा अपराध. पण चित्रे सापडली नाहीत. फ्रिटाची पत्र्याच्या पेटीत घालून जमिनीत पुरलेली होती, हासची भिंतीआड दडवलेली होती. फ्रिटा आउश्वित्झला मेला, त्याची बायको तेरेझीनच्याच किल्ल्यात मेली. हास जगला. युद्ध संपल्यावर परत येऊन चित्रे बाहेर काढण्यात आली, आणि फ्रिटाचा पोरका मुलगा टॉमी याला हास दांपत्याने दत्तक घेतले.

त्या चित्रांबरोबर एक पुस्तकही वाचले. २२ जानेवारी १९४४ रोजी टॉमी तीन वर्षांचा झाला, तेव्हा बापाने त्याच्यासाठी ते काढले होते. टॉमी वर्षाचाही नव्हता तेव्हापासून त्या तटबंदीत होता. बाहेरचे काही त्याने पाहिलेले नव्हते. म्हणून त्या पुस्तकात केक आहे, फुले आहेत, लांबच्या प्रवासाला निघालेला टॉमी आहे, मोठा होऊन तू कोण कोण होऊ शकशील त्याची चित्रे आहेत. छावणीची चित्रे फ्रिटा काळ्या शाईत काढी. या पुस्तकासाठी त्याने कोठून तरी रंग मिळवले होते.